आधी शेड निवडा, मग आर्किटेक्ट

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ

विषय : वागळे इस्टेटमधील एक बंद शेड न पाडता तिथे कमी विजेवर चालणारे उद्योग व कामगार संग्रहालय करण्याबाबत

महोदय / महोदया,

मागणी छोटी आहे, म्हणून आधी तीच लिहितो. वागळे इस्टेटमध्ये बंद पडलेल्या कारखान्यांच्या ज्या जुन्या शेड्स अजून उभ्या आहेत, त्यांतली नॉर्थ लाइटच्या, म्हणजे उत्तरेच्या काचांतून उजेड घेणाऱ्या करवतीदार छपराची एक शेड ताब्यात घ्या. ती पाडू नका, तिचा बंद काचेचा डबा करू नका आणि तिथे ठाण्याच्या कारखान्यांचं, कामगारांचं संग्रहालय उभं करा. बाकी सगळं पत्र ‘पाडू नका’ आणि ‘डबा करू नका’ या दोन गोष्टींवर आहे. संग्रहालय करायला कोणाचीच ना नसते. घोळ होतो तो मंजुरी मिळाल्यानंतर.

मी याच इस्टेटमधल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. सबस्टेशन, कॉम्प्रेसर, बॉयलर, चिलर, सगळी युटिलिटी आमच्या खात्याकडे. महिन्याचं वीजबिल आलं की पहिली हाक आम्हाला यायची. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती कामी आली त्याचं प्रमाण, घसरला असेल तर हाक जरा मोठ्या आवाजात यायची. तो कारखाना आता नाही. त्या जागी निळ्या काचेची इमारत आहे आणि तिच्या पश्चिमेच्या अंगावर दुपारभर ऊन आदळत असतं. आत लोक स्वेटर घालून बसतात, असं तिथे नोकरीला असलेला माझा भाचा सांगतो. भर मे महिन्यात.

पत्र दोघांना मिळून लिहिलं आहे, कारण भूखंड महामंडळाच्या अखत्यारीतले आणि शहर महापालिकेचं. दोन फायली वेगवेगळ्या फिरण्यापेक्षा एकच बरी. शिवाय महामंडळाला या जागेची आठवण करून देण्याचा हक्क ठाणेकरांना आहेच. १ ऑगस्ट १९६२ रोजी महामंडळाचा जन्म झाला तो वागळे इस्टेटमधल्याच एका छोटेखानी समारंभात. पुढे राज्यभर ज्या एमआयडीसी झाल्या, त्यांची सुरुवात या रस्त्यांवर झाली. अशा जागेची एकही शेड मूळ रूपात राहू नये, हे महामंडळालाही शोभणारं नाही.

आणि प्रश्न एकट्या वागळेचा नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण त्यानंतर या शहराने काय बनवलं, हे विचारलं तर गाडी अडते. रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ सालची. पोखरण रोड, कोलशेत, माजिवडा या पट्ट्यात औषधं, रंग, रसायनं, एअर कंडिशनर, चॉकलेट बनत होतं. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याला साठच्या दशकात पेट्रोकेमिकल आणि इंजिनीअरिंगचे मोठे कारखाने आले. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली-रबाळे-महापे भागात, डेटा सेंटर्स रात्रंदिवस वीज पितात. कॅडबरी जंक्शनला उतरणाऱ्या पोरांना चौकाला चॉकलेटचं नाव का, हे सांगावं लागतं. सावरकर नगर, लोकमान्य नगर, किसन नगर या वस्त्या कोणत्या पगारांवर वसल्या, हेही सांगावं लागतं. ज्या शहराने १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, त्या शहराला जपणूक म्हणजे काय ते शिकवायची गरज नाही. पुस्तकं जपली, आता लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, जपायचं आहे, एवढाच फरक.

आता मुद्द्याचं बोलतो, आणि मुद्दा वीजबिलाचा आहे.

सार्वजनिक संग्रहालय बहुतेक वेळा पैशाअभावी बांधायचं राहत नाही. बांधून झाल्यावर चालवायला पैसा नसतो म्हणून मरतं. लोकार्पण थाटात होतं. पहिल्या वर्षी सेंट्रल एसी चालतो. मग चिलरच्या देखभालीचा करार संपतो, नवा करार लेखा विभागात अडकतो, एक कॉम्प्रेसर बंद, मग दुसरा. आणि इमारत बांधतानाच खिडक्या न उघडणाऱ्या घेतलेल्या असतात. मग दालनात कोंदट वास, कागदांवर बुरशी, दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ची पाटी. म्हणून मी ‘ऊर्जा कार्यक्षम’ म्हणतो तेव्हा दर्शनी भिंतीवर लावायचं हिरवं प्रमाणपत्र डोक्यात नसतं. ज्याचं बिल दहाव्या वर्षीही न कुरकुरता भरता येईल, जे एसी बंद पडला तरी उघडं ठेवता येईल, ते संग्रहालय कार्यक्षम. असं संग्रहालय नव्या इमारतीत अवघड आहे. जुन्या शेडमध्ये ते निम्मं तयारच आहे.

नॉर्थ लाइटचं छप्पर ज्यांनी खालून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाजूने बघितलं तर ते करवतीच्या दातांसारखं दिसतं. प्रत्येक दाताची एक बाजू उभी, काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली; दुसरी बाजू उतरती, पत्र्याची, दक्षिणेकडे. उत्तरेच्या काचेतून उजेड येतो पण ऊन येत नाही. लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये, मायक्रोमीटरचा आकडा सावलीत बुडू नये, म्हणून ही रचना. वीज महाग आणि दिवे मंद होते त्या काळातली अक्कल आहे ती. चांगल्या शेडमध्ये सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत दिवा न लावता टर्नर काम करायचे. संग्रहालयाची वेळ तरी दुसरी कुठली असते?

एक बारकावा मात्र आर्किटेक्टला आवर्जून सांगा, कारण हे छप्पर आलं विलायतेतून आणि ठाणे आहे १९ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुसरा येतो जुलैच्या शेवटी. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळी-संध्याकाळी तर मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत तो उत्तरेकडे कललेलाच असतो. म्हणजे मँचेस्टरला ज्या काचेतून कामाच्या वेळात ऊन जवळपास येत नाही, त्याच काचेतून ठाण्यात मे महिन्यात ते आत शिरतं. जून-जुलैत ढग आपलं काम करतात, पण मेचे शेवटचे दोन आठवडे त्रासाचे. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणजे काचेला आतून चुना फासायचा, पावसाळ्यात धुऊन काढायचा. आज बाहेरून उभ्या पट्ट्यांची झडप बसवली तरी पुरे. स्वस्त काम आहे, पण ड्रॉइंगमध्ये नसेल तर होत नाही. मग मेमध्ये कोणीतरी पडदे लावतो, पडदे लावले की दिवे लागतात, आणि सगळं मुसळ केरात.

दक्षिणेच्या उतारावर काय करायचं ते वेगळं सांगायला नकोच. सोलर पॅनेलला आपल्या देशात दक्षिणेकडचा उतार लागतो आणि तो इथे दाताला दात तयार आहे. साधारण शंभर चौरस फुटांत एक किलोवॉटचं पॅनेल बसतं आणि आपल्याकडे ते दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास देतं. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. पुढच्या दाताची सावली मागच्या पॅनेलवर पडते, ती वगळून जागा मोजावी लागेल. पॅनेल बसवण्याआधी ट्रसची तपासणी हवी, कारण त्या कैच्या हलक्या पत्र्यासाठी बेतलेल्या असतात आणि बुडाशी गंजलेल्याही असतात. पण संग्रहालय ही अशी दुर्मिळ सरकारी वास्तू आहे जिच्या हॉलचा सगळा लोड उन्हाच्या वेळेतच असतो. रात्री, कागदा-कापडाच्या खोल्या सोडल्या तर, कुलूप. सोमवारी सुट्टी ठेवलीत तर त्या दिवशी उरलेली वीज नेट मीटरमधून, म्हणजे येणारी-जाणारी वीज वजा करून मोजणाऱ्या मीटरमधून, महावितरणला.

आता गणित मांडतो. अंदाजाचं आहे, पण ताळा करता येईल असं. समजा शेड वीस हजार चौरस फुटांची आहे. सल्लागार पूर्ण वातानुकूलित करायला सांगेल. दीडशे फुटांना एक टन (एसीची ताकद मोजायचं माप) धरला तर १३३ टनांचा प्लांट. पंप, ब्लोअर धरून टनामागे १.२ किलोवॉट म्हणजे १६० किलोवॉट. दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस, आणि प्लांट सरासरी पासष्ट टक्के लोडवर चालला तर वर्षाला अडीच लाख युनिट. दिवे, लिफ्ट, स्क्रीन वेगळे. डिमांड चार्ज, म्हणजे मंजूर भारासाठीचा आकार, तर प्लांट बंद असला तरी भरायचा.

दुसरा मार्ग असा. मोठा हॉल मोकळा ठेवायचा. छपराला आतून इन्शुलेशन, वरून पांढरा रंग, कळसावर व्हेंटिलेटर, भिंतीच्या तळाला झडपा, आणि मोठ्या पात्यांचे हळू फिरणारे तीन पंखे. असा एक पंखा दीड किलोवॉटच्या आत चालतो. तिघांचे मिळून वर्षाला अकरा हजार युनिट. दिव्यांना, दिवसाचा उजेड वापरून, दहा-बारा हजार. कागद, कापड, फोटो यांच्यासाठी हॉलच्या आतच दोन हजार फुटांच्या बंद, जाड भिंतींच्या खोल्या. फक्त त्यांना एसी आणि आर्द्रता काढणारं यंत्र, दिवसरात्र. त्याला वर्षाला साठ हजार युनिट धरा. सगळं मिळून लाखाच्या आत. ७५ किलोवॉटचं सोलर वर्षभरात साधारण तेवढीच वीज देतं, आणि त्याला साडेसात हजार फूट छप्पर पुरतं.

अडीच लाख, वर दिव्यांचे वेगळे, की जवळजवळ शून्य. निविदा काढण्याआधी एवढं एकच ठरवा. केंद्राची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, १०० किलोवॉट जोडभाराच्या (सगळ्या उपकरणांच्या एकूण क्षमतेच्या) वरच्या इमारतींसाठी आहे. दुसऱ्या मार्गाने गेलात तर तुम्ही कदाचित तिच्या खालीच राहाल. तरी ती पाळा. तिच्यातला छपराचा आणि काचेचा भाग वाचण्यासारखा आहे.

‘पण साहेब, वस्तू खराब होतील,’ असं कोणीतरी म्हणणारच. म्हणून दमटपणाबद्दल जरा विस्ताराने.

ठाण्यात वस्तूंचा शत्रू उष्णता कमी आणि हवेतलं पाणी जास्त. जुलैत इथली हवा ८५-९० टक्के आर्द्रतेची असते आणि ६५ टक्क्यांच्या वर ती सतत राहिली की कागदा-कापडावर बुरशी धरते. एसी हा उपाय वाटतो, पण साधा एसी हवा गार करता करता जाता जाता थोडं पाणी काढतो. खोली ठरलेल्या तापमानाला आली की कॉम्प्रेसर थांबतो आणि ओल परत येते. मग कोणीतरी रिमोट घेऊन १८ वर आणतो. पावसाळ्यात सरकारी कॉन्फरन्स रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाला हा अनुभव आहे: गारठा आणि ओलसरपणा एकदमच. कागदाच्या खोलीला गारठ्याची गरजच नाही. तिला कोरडेपणा हवा. त्यासाठी वेगळं डीह्युमिडिफायर लागतं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचं फिरतं चाक असलेलं असेल तर ते चाक सुकवायला गरम हवा लागते आणि ती एसीच्याच बाहेर टाकलेल्या उष्णतेतून काही अंशी मिळते.

पूर्वी जगभरच्या संग्रहालयांत वीस-बावीस अंश आणि पन्नास टक्के असा दंडक होता, वर्षभर, दिवसरात्र. थंड देशातल्या इमारतींवरून आलेला तो दंडक आपल्याकडे जसाच्या तसा उतरला. त्या देशांनीच तो सैल केला. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने २०१४ मध्ये १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के अशी ऐसपैस मर्यादा स्वीकारली, वीज वाचावी म्हणूनच. आपला सल्लागार ‘आंतरराष्ट्रीय मानक’ म्हणून जुना आकडा टाकेल, तेव्हा हे विचारा.

आणि मुळात आपल्या संग्रहालयात असणार काय? लेथ, मिलिंग मशीन, पॉवर प्रेस, ओव्हरहेड क्रेन. ही यंत्रं याच हवेत, याच पावसाळ्यात पन्नास-पन्नास वर्षं चालली. त्यांना एसी लावणं हास्यास्पद आहे. त्यांना तेलाचा हात लागतो. शनिवारी शिफ्ट संपताना लेथचा बेड पुसून तेल लावणं हे हेल्परचं काम असायचं. तेच काम करणारा एक माणूस ठेवा. तो कुठल्याही प्लांटपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा. मस्टर, पंच कार्ड, युनियनची हँडबिलं, गणवेश, ईएसआयची (कामगार विमा योजनेची) कार्डं, कँटीनची कुपनं, हे सगळं आतल्या खोल्यांत. कागदा-कापडावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू द्यायचा नसतो, आणि नॉर्थ लाइटखाली त्याच्या कितीतरी पट उजेड असतो. म्हणून आत खोली, बाहेर हॉल ही विभागणी उजेडाच्या हिशेबानेही बरोबर बसते.

बाहेरच्या देशांची उदाहरणं सल्लागार देतीलच, तेव्हा माझं मत आधी नोंदवून ठेवतो. लंडनचं टेट मॉडर्न सगळे दाखवतात. बँकसाइडचं वीजनिर्मिती केंद्र १९८१ मध्ये बंद पडलं, २००० मध्ये तिथे कलासंग्रहालय उघडलं. २०१६ मध्ये त्याला जोडलेल्या नव्या इमारतीला शेजारच्या सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरमधून निघणारी वाया जाणारी उष्णता ऊब द्यायला वापरतात. ट्रान्सफॉर्मरशेजारी आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून फार बरं वाटलं. पण ठाण्यात उबेचं काय करणार? तिथली युक्ती उचलू नका. जी गोष्ट जागेवर फुकट मिळते ती आधी शोधा, ही रीत उचला. आपल्याकडे फुकट मिळतो तो उजेड, वारा आणि पाऊस. वीस हजार फुटांच्या छपरावर ठाण्याच्या पावसात वर्षाला चाळीस लाख लिटरच्या घरात पाणी पडतं. पॅनेल धुवायला आणि संडासांना ते पुरून उरेल.

आपल्याला जवळचं उदाहरण न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसन नदीकाठच्या बीकन गावचं. बिस्किट कंपनीची खोकी छापायचा १९२९ सालचा कारखाना. २००३ मध्ये त्याचं ‘डिया बीकन’ कलासंग्रहालय झालं. छपरात ३४ हजार चौरस फूट काच, बरीचशी उत्तरेकडे तोंड केलेली, आणि दालनं मुख्यतः त्याच उजेडावर. ढग आले की खोलीचा रंग बदलतो, आणि बदलू देतात. जपानात नागोयाला टोयोटा कंपनीने आपल्या जुन्या कापड गिरणीच्या विटांच्या इमारतीतच १९९४ मध्ये संग्रहालय काढलं. तिथे माग आणि यंत्रं प्रेक्षकांसमोर चालवून दाखवतात. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बंद लेथ म्हणजे नुसतं ओतीव लोखंड; चालू लेथवर स्टीलची निळी चकली सुटताना बघितली की आठवीतलं पोरगं तिथून हलत नाही. आणि फार लांब जायचं नसेल तर कोचीला जा. तिथल्या बिनालेने, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाने, २०१२ पासून अ‍ॅस्पिनवॉल हाउसची मिरी-खोबरेल तेलाची जुनी गोदामं वापरात आणली. दमटपणा आपल्यापेक्षा कमी नाही, समुद्र तर दारातच.

आपल्या शेजारचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना असं ठरलं. २००१ च्या दुरुस्तीत हा हिशेब फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. कुठेकुठे मधोमध एखादी चिमणी उरली, दिवाळीला तिच्यावर रोषणाई करतात. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाच्या बातम्या मी कितीतरी वर्षं वाचतो आहे. बातम्यांचं वय वाढत गेलं आणि ज्यांना मागावर उभं राहून काहीतरी सांगता आलं असतं ती माणसं कमी होत गेली. ठाण्यात कोणी बिल्डर ‘आम्ही भोंगा आणि गेट जपतो, बाकी एफएसआय द्या’ म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. गेटसमोर सेल्फी काढता येतो, एवढाच त्याचा उपयोग.

पाडू नका म्हणतो त्याचं कारण आठवणींइतकंच सिमेंटमध्येही आहे. एक टन सिमेंट बनताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उभी शेड पाडून नवी ‘हरित’ इमारत बांधली की ती पहिल्याच दिवशी कर्जात जन्माला येते. ते कर्ज सोलरने फेडायला वर्षानुवर्षं जातात. जुन्या पायावर, जुन्या खांबांवर बसलेली ऊर्जा आधीच खर्च झालेली आहे.

पण जुन्या शेडमध्ये विषही असतं, आणि हे मी हौसेने लिहीत नाही. बहुतेक छपरांवर अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटचे पत्रे आहेत. ते हातोड्याने फोडून खाली टाकले तर धागे हवेत जातात आणि ते माणसाच्या फुप्फुसात आयुष्यभर राहतात. पत्रे ओले करून, अख्खे सोडवून, गुंडाळून तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पात गेले पाहिजेत, आणि काम करणाऱ्याच्या तोंडाला खरा मास्क हवा, रुमाल नव्हे. निविदेत हे वेगळ्या शीर्षाखाली, वेगळ्या रकमेने लिहा. ‘डिस्मँटलिंग’च्या एकरकमी भावात घातलंत तर सगळ्यांत स्वस्त ठेकेदार हातोडाच घेऊन येईल. दुसरं, सबस्टेशन. फार जुन्या ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमधल्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं. ते वापरातून काढण्याचा केंद्राचा आदेश २०१६ चा आहे. भंगारवाला आधी तेल गटारात ओततो आणि तांबं घेऊन जातो, म्हणून शेड ताब्यात घेण्याच्या दिवशीच सबस्टेशनला सील लावा आणि तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. तिसरं, जमीन. शेडमध्ये प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, टाक्या असतील तर फरशीखालच्या मातीत क्रोमियम असू शकतं. बोअर घेऊन तपासा. लहान मुलं जिथे मांडी घालून बसणार आहेत ती जागा आहे.

संग्रहालयात काय सांगावं, हे मी इथे फार लिहीत नाही. एवढंच की ते मालकांच्या तैलचित्रांचं होऊ नये. सातचा भोंगा असावा आणि तो आठवड्यातून एकदा वाजवावा. औषध कंपन्यांच्या पॅकिंग लाइनवर उभ्या राहिलेल्या बायका असाव्यात, त्यांच्या आवाजात. फिटर-टर्नर जसे येतात तसे लॉकआउटची नोटीस आणि व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा, फॉर्मही यावेत. अपघाताचं रजिस्टर यावं, बोटं गेलेल्या माणसांची नावं वगळून. ज्यांना हे सांगता येतं ते आज सत्तरीच्या आसपास आहेत, कामगार हॉस्पिटलच्या स्टॉपवर औषधांची पिशवी घेऊन उभे दिसतात. रेकॉर्डिंगला इमारत लागत नाही. ते या महिन्यात सुरू होऊ शकतं.

आता तुमच्याकडून काय हवं ते लिहितो. आर्किटेक्ट नेमण्याआधी शेड निवडा आणि तिच्यात तापमान-आर्द्रतेचे लॉगर लावून एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. त्या आकड्यांशिवाय कोणीही एसीचा टन ठरवू नये. निविदेत खर्चाच्या रकमेइतक्याच ठळकपणे लिहा की इमारतीने वर्षाला अमुक युनिटपेक्षा जास्त वीज खायची नाही. आणि सल्लागाराच्या फीचा एक हिस्सा पहिल्या वर्षाचं प्रत्यक्ष वीजबिल हातात आल्यावरच द्या. या एका अटीने निम्मे काचेचे डबे ड्रॉइंगवरच मरतील. प्रवेशद्वाराशी मीटर लावा, सगळ्यांना दिसेल असा: आज छपराने किती दिली, इमारतीने किती घेतली. मूळ सबस्टेशनचं पॅनेल, त्याचे पितळी डायल, जागेवरच ठेवा, ते पहिलं दालन होईल. देखभालीसाठी ठेकेदाराचे ‘मल्टिस्किल्ड मनुष्यबळ’ आणण्याऐवजी आयटीआयची मुलं घ्या आणि त्यांच्यावर आमच्यासारखे निवृत्त लोक मानधनावर ठेवा. आम्हाला पेन्शन किती मिळते हे आपण जाणताच, तेव्हा फार महाग पडणार नाही.

शेडची पाहणी दोनदा करावी, अशी विनंती. एकदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊला, म्हणजे ऊन कुठून येतं ते दिसेल. एकदा जुलैत जोराचा पाऊस चालू असताना, म्हणजे पाणी कुठून येतं ते दिसेल. दोन दातांमधल्या व्हॅली गटारातूनच येत असणार, पण बघितलेलं बरं. दोन्ही वेळा मी आणि आमच्या वेळचे दोन-तीन फिटर हजर राहू. शिडी, दोरखंड आणि फळ्या आमच्याकडे आहेत. छपरावर चढायचं असेल तर वर्क परमिट मात्र आपल्या कार्यालयाकडून लेखी हवं, आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही, पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारावर) फळी टाकूनच चालायचं. पत्रा आवाज न करता फुटतो. याबाबतीत साहेब कितीही मोठे असोत, ऐकून घेणार नाही.

कळावे,

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर
वागळे इस्टेट, ठाणे